ननीचा वाटा

बाबा म्हणायचे, इथल्या मातीला जमीन म्हणू नकोस.
सहा तास ती आपली, सहा तास समुद्राची;
दिवसातून दोनदा माहेरी जाते,
आणि परत येते ती तीच असते, असं नाही.

नराईलहून निघालो की चौथ्या दिवशी
मी पाण्यात बोट बुडवायचे, जिभेला लावायचे,
आणि ओरडायचे : आलं!
त्यानंतर नारळी नाहीत, गाई नाहीत, अजानही नाही.
दोन्ही काठांना गोलपाता, गेवा, गरान,
आणि चिखलातून वर निघालेली सुंदरीची मुळं,
खुंट्यांसारखी, उलटी उगवलेली, आभाळ हुंगणारी.
निवट्या त्यांच्यावर चढून बसत,
मासा असण्याचा कंटाळा आल्यासारख्या.

मुलगी नावेवर नको, मामा म्हणाले होते.
पण बाबांना मुलगा नव्हता,
आणि मला शीळ येत होती.

नावेच्या शेपटाला बांबूचा पिंजरा, त्यात तीन पाणमांजरं :
दोन जाडे नर, आणि ननी.
ननी म्हणजे लोणी. ती तशीच, हातात न राहणारी.
रात्री जाळं सोडलं की तिघांना दोरीनं पाण्यात उतरवायचं.
ती मुळांच्या बेचक्यांतून मासे हुसकत,
जाळ्याकडे लोटत,
आणि आपल्या वाट्यासाठी अशी किंचाळत
की पलीकडच्या नावेवरचे मालो शिव्या देत.

कांटाखालीच्या तोंडाशी होतो.
ओहोटी संपून भरती लागण्याआधी
एक वेळ असते, पाणी कुठेच जात नाही.
त्या वेळी पलीकडून कुणी तरी शीळ घातली.
माणसाची नव्हे.
ननीनं मान वर केली, मिशांवर थेंब, आणि ऐकत राहिली.
तिचा पट्टा मी सैल केला.
का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

सकाळी काठावर वाघाचा माग होता,
पाच-सहा पावलं, प्रत्येकात पाणी साचलेलं,
एकात एवढासा लाल खेकडा घर मांडून बसलेला.
बाबांनी माग पाहिला, रिकामा पट्टा पाहिला,
आणि दोहोंची बेरीज केली.
बनबीबीच्या नावानं बत्तासे सोडले पाण्यात.
दुपारी जेवले नाहीत.
मी जेवले.

दोन वर्षांनी कांटाखाली शोधली, तर ती नव्हतीच.
तोंड गाळानं बुजलेलं, वर केवऱ्याची रोपं गुडघाभर,
त्यांत हरणांच्या लेंड्या, ताज्या.
नकाशेवाल्यांना कळवा रे कुणी तरी, बाबा म्हणाले,
आणि नाव पुढच्या खाडीत घातली,
जिला अजून नाव पडलं नव्हतं.

त्या रात्री नर दोघेही पिंजऱ्यात.
एकाच्या पायाला जखम, दुसरा रुसलेला.
नुसतंच जाळं सोडलं, सवयीनं.
आणि जाळं हललं.
काठाच्या मुळांतून बोईटं उसळत आली,
मागून कोळंबी, मागून तपसी,
मागे कुणी लागल्यासारखी.
अंधारात पाणी फुटत होतं, तीन ठिकाणी, की चार.
मी शीळ घातली नाही.
ओठांपर्यंत आली होती.

बाबांनी जाळं ओढलं, कंदील धरून बराच वेळ पाहिलं.
सगळ्यांत जाड बोईट निवडलं,
शेपटीला धरून अंधारात भिरकावलं.
पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही.

भरती चढत होती.
नाव दोराभोवती हळूहळू वळली,
आणि आमची तोंडं, न ठरवता, डांगेच्या दिशेला झाली.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
गाठ मारायला नीट शिकवलंच नाही मी तुला.